मांडलिकाला ‘नाही’ म्हणता आलंच पाहिजे

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत काहींची पात्रं भुयारं पालथी घालून अखेर गादीवर बसतात. अशा खेळाडूंमध्ये सध्या एक मत पक्कं होत चाललं आहे. खेळाडूनं खपून जहागीर मिळवली, गड बांधला, माणसं जोडली. आता त्याच्या हाताखालच्या सरदारांनी आणि मांडलिकांनी त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नये, असं हे मत. मांडलिक हे कमावलेलं बक्षीस आहे. त्यांची निष्ठा फाशांवर ठेवायची म्हणजे एका हातानं दिलेलं खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरनं दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. शिवाय राज्य चालवायचं म्हटलं की वसूल, पगार, तटबंदी, पीकपाणी हा हिशेब असतोच. त्यात प्रत्येक सरदाराचे रुसवेफुगवे कोण काढत बसणार? त्यापेक्षा मांडलिक म्हणजे कॅरेक्टर शीटवरची एक ओळ असावी. इतके स्वार, इतका वसूल, ऋतूमागे एक जादा चाल, बस्स.

हे मत मला मुळातूनच चुकीचं वाटतं. ते मांडणारी मंडळी खेळावर जीव असणारी आहेत, त्यांच्या तक्रारीतला एक भाग खराही आहे, त्याकडे मी येणारच आहे. पण त्यांचा उपाय लागू केला तर राज्य चालवण्याच्या खेळात राज्य असं काही उरतच नाही. पूर्वी एका पात्राच्या तलवारीला जे आकडे होते तेच आता फौजेला लागतात, एवढाच काय तो फरक.

राजाला मांडलिक लागतोच कशाला? राजा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो म्हणून. १९९५ साली आलेल्या ‘बर्थराइट’मध्ये हे फार नेमकं दिसतं. रिच बेकर आणि कॉलिन मॅक्कोम्ब यांच्या या खेळात राज्याची एक पाळी म्हणजे तीन महिन्यांचा ऋतू, आणि महिन्याला एक चाल. त्या चालीत शेजाऱ्याकडे वकील पाठवायचा, फौज हलवायची, की अंमल वाढवायचा? राजा स्वतः मोहिमेवर गेला तर तो महिना तिथेच खर्ची पडतो. म्हणून लेफ्टनंट: राजानं नेमलेला, त्याच्या गैरहजेरीत त्याच्या नावानं कारभार बघणारा माणूस. त्याच्यामुळे एक जादा चाल मिळते, आणि ‘जादा चाल’ एवढं वाचून लोक थांबतात. तो लेफ्टनंट स्वतःचा क्लास आणि स्वतःची लेव्हल असलेलं पात्र आहे, हे वाचायचं राहूनच जातं. त्याच नियमांत प्रत्येक प्रांताच्या निष्ठेला चार पायऱ्या आहेत आणि सगळ्यात खालची पायरी उघड बंडाची आहे. नकाशा तर याहून बोलका आहे. सम्राटाचं सिंहासन रिकामं, खाली सरदारांची राज्यं एकमेकांकडे डोळे लावून बसलेली, रोझोन आणि मेडोएर ही राज्यं डिएमेडपासून फुटून निघालेली. मांडलिक कधीच मोडत नसता तर या नकाशावर खेळण्यासारखं काही राहिलंच नसतं.

आता बक्षिसाचा मुद्दा. जमीन देणं आणि तलवार देणं यांत मोठा फरक आहे. मंतरलेली तलवार माझ्या कमरेला असते. पण उत्तरेचं खोरं मी माझ्या सरदाराला दिलं, की तिथला वसूल आधी त्याच्या कोठारात जातो, तिथले स्वार त्याच्या हातून पगार घेतात, तिथल्या गडाच्या किल्ल्या त्याच्या दिवाणखान्यात असतात. तिथल्या रयतेला चेहऱ्यानं ठाऊक असतो तो सरदार; माझं नाव फक्त नाण्यावर. मी त्याला खरी सत्ता दिली आहे आणि ती दिली म्हणूनच तो माझ्या उपयोगाचा आहे. पुरात पूल वाहून गेला तर तो मला न विचारता नवा बांधू शकतो. त्याच ताकदीवर तो मला ‘या वर्षी जमणार नाही’ असंही कळवू शकतो. यातली पहिली गोष्ट हवी आणि दुसरी नको, हे नियमात लिहून टाकता येतं. पण मग त्या खोऱ्यात कुणी राहत नाही, फक्त आकडे राहतात.

निष्ठेचे फासे हे अलीकडचं खूळ आहे, असंही ऐकू येतं. हे साफ खोटं आहे. १९७४ सालच्या पहिल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला करिश्म्याचा तक्ता काढून बघावा. करिश्मा ३ किंवा ४ असेल तर पदरी एकच माणूस राहू शकतो आणि त्याच्या निष्ठेला उणे २. करिश्मा १८ असेल तर बारा माणसं आणि निष्ठेला अधिक ४. किती माणसं आणि किती इमानी, हे दोन प्रश्न खेळाचे कर्ते गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी एकाच ओळीत सोडवले. त्याच खेळाच्या १९८१च्या बेसिक संचात करिश्मा १८ असलेल्याच्या माणसांचं मनोधैर्य १०. दोन फाशांवर ११ किंवा १२ पडले की माणूस मोडतो, म्हणजे सर्वोत्तम पुढाऱ्याच्या बाबतीतही बारात एकदा. आणि ही तपासणी लढाईपुरती नव्हती. मोहीम संपवून परत आल्यावरही ती करायची होती: हा माणूस पुन्हा तुमच्याबरोबर यायला तयार आहे का? पन्नास वर्षांपूर्वी हे खेळ ज्यांनी घडवले त्यांनी नकाराची जागा पहिल्याच दिवशी राखून ठेवली होती. त्याआधीच्या आर्नेसनच्या ब्लॅकमूर या कॅम्पेनमध्ये तर खेळाडू भुयारांत रमले आणि मागे गड हातचा गेला. मग त्यांची रवानगी लॉक ग्लूमेनला झाली. राखणीला कोण ठेवला होता, हा प्रश्न खेळाच्या पाळण्यातलाच आहे.

पण जुन्या पुस्तकांच्या आधारावर हा वाद जिंकायची मला गरज वाटत नाही. त्याहून मजबूत पुरावा प्रत्येक टेबलावर बसलेला असतो आणि तो म्हणजे खेळाडू स्वतः. बहुतेक डोमेन-कॅम्पेनमध्ये खेळाडूचं पात्र राजा होण्याआधी कुणाचा तरी मांडलिक असतं. ड्यूकनं पडीक मुलूख दिला, सनद दिली, वर्षाला इतकी खंडणी ठरवली. त्या काळात आपले हेच खेळाडू काय करतात ते आठवावं. खंडणीच्या वेळी चांदीच्या खाणीचा उल्लेख टाळतात. ड्यूकनं फौज मागितली की गडावरचे निवडक स्वार घरी ठेवून नवखे पाठवतात. ड्यूकचा शत्रू रात्री निरोप घेऊन आला तर त्याला हाकलून देत नाहीत, जेवायला बसवतात आणि काय म्हणतो ते ऐकून घेतात. आणि ड्यूकचा हुकूम अन्यायाचा असेल तर ताठ मानेनं नाही म्हणतात. त्या नकाराची गोष्ट पुढे कितीतरी दिवस सांगतात. यातलं काहीही मला गैर वाटत नाही. खेळाची खरी रंगत तीच आहे. पण मांडलिक कसा वागतो हे ज्यांना इतकं बारकाईनं ठाऊक आहे, त्यांनी स्वतः ड्यूक झाल्यावर आपल्या मांडलिकांकडून यंत्रासारखं वागणं मागावं, हे मला पटत नाही. आपल्या पात्राला जो मान आपण मागतो तोच गेम मास्टरच्या पात्राला द्यायला काय हरकत आहे?

ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’नं, १९८५ साली, ही बाजू नियमांतच आणली. तिथे खेळाडू सरदाराचा नाइट असतो. त्याच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात, क्षमाशील आणि सूडी, विश्वास टाकणारा आणि संशयी, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज २०. शिवाय धन्यावरची निष्ठा, कुटुंबावरचं प्रेम, आतिथ्य, अमुक लोकांचा द्वेष, यांनाही आकडे. एखादा गुण १६ किंवा त्याहून वर गेला की त्या गुणाची कीर्ती होते आणि प्रसंगी गेम मास्टर त्यावर फासा टाकायला सांगू शकतो. धन्याचा हुकूम एकीकडे, सख्खा भाऊ दुसरीकडे. कोणती ओढ जिंकेल हे खेळाडूला आधी सांगता येत नाही. स्वतःच्या पात्राच्या मनावर फासा टाकायला लागला म्हणून पेंड्रॅगनच्या खेळाडूंनी खेळ सोडला नाही. उलट त्या क्षणांसाठीच ते खेळतात. मग दुसऱ्याच्या पात्राच्या मनावर टाकलेल्या फाशानं स्वातंत्र्य हिरावलं जातं, हा दावा कशाच्या बळावर?

इथे एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करायला हवी. ही तक्रार जन्माला घातली ती काही गेम मास्टरांनी. त्यांना मांडलिक म्हटलं की फितुरीच सुचते. खेळाडूनं ज्याला जीव लावला, ज्याच्या मुलीच्या लग्नाला स्वतः गेला, तोच नेमका विष घालतो, कारण गेम मास्टरला शेवटच्या सेशनमध्ये धक्का हवा होता. असं दोन-तीनदा झालं की खेळाडू शहाणा होतो आणि माणसं जोडणंच सोडतो. ‘मांडलिक म्हणजे एक ओळ’ ही मागणी तिथून येते आणि त्या खेळाडूचं मला वाईट वाटतं. पण त्याचं नुकसान मांडलिकाच्या नकारामुळे झालेलं नाही. विनाकारण नकारामुळे झालं आहे. कारण ठरलेलं असेल, दिसण्यासारखं असेल आणि फासा सगळ्यांसमोर पडत असेल, तर नकार हा खेळाडूच्या हातातला विषय होतो.

२०१२ साली आलेल्या ‘ॲडव्हेंचरर कॉन्करर किंग’ या खेळात याची बरीच चांगली मांडणी आहे. मांडलिकाकडून धनी कामं मागू शकतो: फौज, कर्ज, बांधकाम, दरबारातली हजेरी. बदल्यात द्यायच्या गोष्टीही ठरलेल्या: जमीन, पद, देणगी, मक्तेदारीची सनद, उत्सव. देण्यापेक्षा मागणं जास्त झालं की निष्ठेचा फासा. मोठं संकट कोसळलं तरी फासा. दोन फाशांची बेरीज, त्यात आजवरच्या वागणुकीचे अधिक-उणे, आणि निकालाच्या पायऱ्या: २ किंवा कमी आला तर तो शत्रू होतो, ३ ते ५ म्हणजे सोडून जातो, ६ ते ८ कुरकुरत राहतो, ९ ते ११ निष्ठावंत, १२ आणि वर म्हणजे जिवाला जीव देणारा. या तक्त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती मधली पायरी. ‘कुरकुरत राहतो’ यात सगळा संसार आहे. हुकूम पाळायचा पण उशिरा पाळायचा. मागितलं ते पाठवायचं पण मोजून. खोटं बोलायचं नाही, मात्र विचारल्याशिवाय खरं सांगायचं नाही. ताबेदारी आणि फितुरी यांच्यामधला हा भलामोठा पट्टा सोडून दोन टोकांवरच आपण का भांडतो, हे मला कळत नाही.

आमच्याच एका कॅम्पेनमधला प्रसंग सांगतो. एका मैत्रिणीचं पात्र नदीकाठच्या मुलखाची काउंटेस होतं. तिनं वसंतात ओर्डरिक नावाच्या मांडलिकाकडून तटबंदीसाठी कर्ज घेतलं होतं आणि त्याच वर्षी, सुगी तोंडावर असताना, साठ स्वार मागवले. बदल्यात काहीच दिलेलं नव्हतं. फासे मी टेबलाच्या मधोमध टाकले. आकडा आला ७. मी कागदावर ओर्डरिकचं पत्र लिहून तिच्या हातात दिलं. चाळीस स्वार आत्ता निघत आहेत, उरलेले वीस कापणी झाल्यावर. त्यांच्याबरोबर माझा दुसरा मुलगा येत आहे. सोबत उताराच्या जकातीचा हिशेब जोडला आहे. बाईसाहेबांचा तट उत्तम उभा राहिल्याचं ऐकून समाधान वाटलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा मनात वाचलं आणि ‘दुसरा मुलगा’ या शब्दांवर बोट ठेवलं. थोरला घरी का ठेवला? कुणी म्हणालं, कापणीला माणूस हवा म्हणून. कुणी म्हणालं, शेजारच्या ड्यूकशी बोलणी चालू असतील. तोवर गप्प असलेल्या खेळाडूनं विचारलं, जकातीचा हिशेब आपण मागितला होता का? नव्हता मागितला. म्हणजे त्याला जकातीवरच काहीतरी बोलायचं आहे. त्यावर चांगलीच चर्चा रंगली आणि मला एक शब्द बोलावा लागला नाही. शेवटी तिनं ओर्डरिकला उताराची जकात दहा वर्षांसाठी तोडून दिली आणि थोरल्या मुलाला हिवाळ्यापुरता दरबारी पाहुणा म्हणून बोलावलं. एका पत्रात मेहरबानी आणि ओलीस, दोन्ही. ओर्डरिक नुसती ओळ असता तर साठ हा आकडा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला असता आणि आम्ही पुढच्या हिशेबाला लागलो असतो.

मराठी खेळाडूंना तर हे परकं वाटायला नको. आपल्या इतिहासात सरंजाम आणि वतनं यांचा पसारा एवढा आहे की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांना कसं सांभाळावं यावर स्वतंत्र विचार केला आहे. पण मला इथे सेनापती चंद्रसेन जाधव आठवतो. १७११च्या सुमाराला शिकारीतल्या एका हरणावरून त्याचं आणि बाळाजी विश्वनाथाचं बिनसलं. बाळाजीला जीव वाचवत पळावं लागलं, शाहूला एकाची बाजू घ्यावी लागली आणि सेनापती आधी ताराबाईकडे आणि पुढे निजामाकडे गेला. भांडण धन्याशी नव्हतंच. धन्याच्या दुसऱ्या माणसाशी होतं. आपले जवळपास सगळे नियम मांडलिकाला धन्याशी बांधणारा एकच दोरा मोजतात. मांडलिकांचा आपापसातला हेवा, नातं, जुनं देणं ते मोजत नाहीत. म्हणून मी प्रत्येक सरदारापुढे त्याला काय हवं ते जसं लिहितो तसं त्याला कोण खपत नाही तेही लिहितो. एका सरदाराला पद दिलं की दुसऱ्याचा फासा टाकायची वेळ येते. नियमांत यासाठी जागा हवी आणि ती मागणं ही माझी आजची खरी मागणी आहे. निष्ठेचे फासे काढून टाकण्याची भाषा होत असताना मला ते आणखी हवे आहेत.

हिशेबाचा मुद्दा राहिला. मांडलिकांना मन दिलं तर काम वाढतं हे खरं, पण किती? राजानं पन्नास सरदारांशी स्वतः बोलायचं नसतंच. वर म्हटलेल्या २०१२च्या खेळात पदरी ठेवायच्या माणसांची मूळ मर्यादा चार, करिश्म्याप्रमाणे थोडी कमी-जास्त. त्या चार-पाच जणांनी आपापल्या खालचे बघायचे. म्हणजे साम्राज्य कितीही पसरलं तरी टेबलावर लक्षात ठेवायची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एवढी माणसं तर आपण भुयारातल्या टोळीतही लक्षात ठेवतो. खरा कंटाळा येतो तो माणसं नसलेल्या हिशेबाचा. २०१० सालच्या पाथफाइंडरच्या ‘किंगमेकर’मध्ये खजिनदार, सेनापती, हेरप्रमुख अशी पदं भरायची असतात. नेमलेल्या माणसाच्या गुणाचा आकडा अर्थव्यवस्था, निष्ठा किंवा स्थैर्य यांत मिळवला की झालं. नियमांपुरता तो खजिनदार पुन्हा तोंड उघडत नाही. तिथली ‘निष्ठा’ साऱ्या राज्याची, खजिनदाराची कुणी मोजत नाही. ज्या टेबलांवर किंगमेकर गाजला तिथे गेम मास्टरांनी त्या पदांवरच्या माणसांना आपल्या पदरचं बोलणं दिलं. ग्रीन रोनिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ खेळात तर घराण्याच्या सत्तेचे गुण खर्चून मांडलिक घराणं विकत घ्यायचं, जसं सैन्याचं पथक घ्यायचं तसंच. ज्या कथेत फ्रे आणि बोल्टन या मांडलिकांच्या फितुरीनं एक राजा लग्नाच्या पंगतीत मारला जातो, तिच्यावरच्या खेळात मांडलिकाची पहिली ओळख किमतीनं व्हावी, याचं मला दुःख होतं.

आणि तरीही ज्यांना न मोडणारा हुकूमच हवा आहे, त्यांच्यासाठी सोय आहे, जुन्या काळापासून आहे. भाडोत्री सैनिक ठेवावेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१च्या एक्स्पर्ट संचात त्यांचे महिन्याचे पगार जातवार दिले आहेत आणि युद्धकाळात ते दुप्पट होतात. खोरं कुणाला देऊ नये, गडावर पगारी किल्लेदार बसवावा, वसूल थेट आपल्या खजिन्यात आणावा. तो किल्लेदार पूल वाहून गेल्यावर विचारायला माणूस पाठवेल आणि उत्तर येईपर्यंत काठावर थांबेल. धाड आली तर राजाला स्वतः घोड्यावर बसून तिकडे जावं लागेल, आणि बर्थराइटच्या हिशेबानं तो महिना तिथेच जाईल. असा खेळही मनापासून खेळता येतो. फक्त तो पगार दर महिन्याला खजिन्यातून वजा करावा, युद्धात दुप्पट करावा आणि जादा चाल कुणी मागू नये.